डोक्यावरचा चेहरा

गेलेदे हा पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा मुखवटे घालून नाचायचा उत्सव. त्यातला मुखवटा तोंडावर बांधत नाहीत, डोक्यावर चढवतात. टोपीसारखा, जरासा पुढे कललेला. नाचणाऱ्याच्या खऱ्या चेहऱ्यावर विरळ विणीचं कापड सोडलेलं असतं आणि त्यातून तो बाहेरचं बघतो. लाकडात कोरलेला बाईचा चेहरा असतो त्याच्या कपाळाच्याही वर, त्यामुळे बघणाऱ्याला मान उंचवावी लागते. संग्रहालयांत हाच मुखवटा पुष्कळदा सळईवर उभा करून आपल्या डोळ्यांच्या रेषेत ठेवलेला असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा तोंडावर लावायचाच असणार. खाली कापड नाही, पायांत लोखंडी वाळे नाहीत, शेजारी ढोल नाहीत. अशी काचपेटी दिसली की मी तिच्यासमोर फार वेळ थांबू शकत नाही. हा मुखवटा मी नाचताना पाहिला आहे, आणि धडावेगळं केलेलं ते डोकं मला बघवत नाही.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं बेनिन देशात, कोटोनूत राहत होते. आमच्या शेजारणीचं माहेर उत्तरेला केतूकडचं. केतू हे योरुबांचं जुनं राज्य. इंग्रज आणि फ्रेंच यांनी नकाशावर रेघ मारली तेव्हा केतू फ्रेंचांकडे गेलं आणि त्याच राज्यातलं मेको इंग्रजांकडे. आज एक बेनिनमध्ये आहे, दुसरं नायजेरियात. त्याआधी १८८६ साली शेजारच्या दाहोमे राज्याच्या फौजेनं केतू उद्ध्वस्त केलं होतं, हजारोंना कैद करून नेलं होतं. उरलेले लोक परतले, घरं पुन्हा उभी राहिली, आणि गेलेदेही पुन्हा उभं राहिलं. हा उत्सव पश्चिमेकडच्या योरुबांचा. पहिल्या पावसाच्या तोंडावर, पेरण्यांच्या वेळी तो होतो. शिवाय मोठं माणूस गेलं, साथ आली, पाऊस लांबला की तेव्हाही. २००१ साली युनेस्कोनं त्याला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला, पण तिथल्या लोकांचं स्वतःचं प्रमाणपत्र जास्त जुनं आणि जास्त रोखठोक आहे: ज्या डोळ्यांनी गेलेदे पाहिलं, त्यांनी पाहण्याचं शेवटचं टोक पाहिलं.

हे सगळं कोणासाठी, तर आयांसाठी. 'आमच्या आया' असंच म्हणतात. यात गावातल्या वयस्क बाया आल्या, गेलेल्या आज्या-पणज्या आल्या, नदी-समुद्राच्या देवी आल्या आणि सगळ्यांच्या वर इयान्ला, म्हणजे थोरली आई. बाईच्या अंगी, त्यातही उतारवयातल्या बाईच्या अंगी, एक शक्ती असते असा योरुबांचा विश्वास. ती मूल देते आणि मूल अडवतेही. ती पाऊस आणते, धंद्याला बरकत देते, आणि रागावली तर रात्री पक्षी होऊन येते आणि घराचा घात करते. असल्या शक्तीशी भांडून चालत नाही. तिला नाचून दाखवायचं, हसवायचं, तिच्यासमोर गावातल्या पुरुषांनी आपली सगळी कला पणाला लावायची. मुखवटा घालून नाचतात ते फक्त पुरुष, पण अंगावर बायकी वस्त्रं, छाती आणि नितंब मुद्दाम उठावदार केलेले. आणि या गेलेदे मंडळाची प्रमुख असते इयालाशे नावाची बाई. तिच्या संमतीशिवाय पान हलत नाही.

यामागची कथा येमोजा या नदीच्या देवीची. येमोजाला मूल होत नव्हतं. तिनं इफाला, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या देवाला, कौल लावला. कौल असा निघाला, की डोक्यावर लाकडी प्रतिमा घेऊन आणि पायांत लोखंडी वाळे घालून नाच. ती नाचली. पहिला मुलगा झाला, तो थट्टेखोर, गाणं-बजावणं आवडणारा, म्हणून त्याला एफे म्हणायला लागले. नंतर मुलगी झाली, गुटगुटीत, तिचं नाव गेलेदे पडलं. पुढे या दोघांचे संसार झाले तेव्हा त्यांनाही मूल होईना, आणि इफानं त्यांनाही आईसारखंच नाचायला सांगितलं. ही कथा मला आवडते, कारण यात देवी वरून वर देत नाही. तिला स्वतःलाच नाचावं लागतं.

पण गेलेदे म्हणजे स्त्रीशक्तीचा गौरव, असं एका वाक्यात सांगून मोकळे होणारे लेख मी बरेच वाचलेत आणि मला ते पटत नाहीत. गौरव आहे हे खरं, पण त्यात धाकही आहे, आणि जिथे धाक असतो तिथे संशय फार लांब नसतो. घरात मूल दगावलं की एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवलं जाणं त्या समाजातही घडत आलं आहे. आपल्याकडे सातपुड्याच्या गावांतून डाकीण ठरवून बाईला मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आजही येतात. भीतीचं बी तेच आहे. मला गेलेदे मोठं वाटतं ते यासाठी, की या भीतीचं काय करायचं याचं एक वेगळं उत्तर तिथल्या लोकांनी शोधलं. जिची भीती वाटते तिला पुढच्या रांगेत बसवायचं, तिची कपडे-दागिन्यांसकट नक्कल करायची आणि ती खूश होईपर्यंत थांबायचं नाही. हे उत्तर पुरेसं नाही. तरी ते दगडापेक्षा फार चांगलं आहे.

शेजारणीच्या आईला सगळे इया म्हणत, मीही म्हणायला लागले. उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी इया आपली पत्र्याची पेटी उघडून बसली होती. गेलेदेचा पोशाख कोणी शिंपी शिवून देत नाही. गावातल्या बायकांकडून डोक्याला बांधायची वस्त्रं, म्हणजे गेले, आणि मूल पाठीशी बांधायचे लांब पट्टे, म्हणजे ओजा, मागून आणतात आणि नाचणाऱ्याच्या अंगावर थरावर थर बांधत जातात. इयानं दोन गेले बाजूला काढले, पुन्हा आत ठेवले, दुसरे काढले. मग तळातून एक ओजा काढला. निळीत रंगवलेला, कडा विरलेल्या, मधोमध कापड इतकं वापरलेलं की उजेड आरपार जावा. याच पट्ट्यानं तिनं आपली सहाही मुलं पाठीशी बांधली होती, आमची शेजारीण त्यातली चौथी. इयानं तो नाकाला लावला, घडी घातली आणि न्यायला आलेल्या पोराच्या हातात देताना त्याला दोन शब्द सुनावले. शेजारीण हसत म्हणाली, फाडून आणलास तर याद राख, असं म्हणतेय.

रात्र असते एफेची. बाजाराच्या चौकात सगळं गाव जमतं. आधी एकेक मुखवटा येऊन जागा तयार करून जातो: आराबी आजिग्बाले मैदान झाडून काढतो, आग्बेना डोक्यावर आग घेऊन येतो आणि त्याच्यामागून आपाना येतो तो सगळे दिवे विझवायला सांगायला. कंदील, चुली, विड्या, आता मोबाईलसुद्धा. मग मिट्ट काळोखात इयान्ला येते. पांढऱ्या लांबलचक कापडाखाली, कमरेत वाकून, ढोलाच्या संथ ठेक्यावर. तिच्याकडे रोखून बघायचं नसतं, आणि बघितलं तरी अंधारात पांढरं काहीतरी सरकतंय एवढंच कळतं. ती गेली की लोकांचे श्वास सुटल्याचं ऐकू येतं. नंतर तेतेदे येते आणि ओरो एफेला, म्हणजे गाणाऱ्या मुखवट्याला, हाक मारून बोलावते.

ओरो एफे आधी नमन करतो, देवांना, आयांना, वडीलधाऱ्यांना. आणि मग पहाटेपर्यंत गावाची उलटतपासणी घेतो. कोणी वर्गणी खाल्ली, कोणी सुनेला छळलं, कोणता पुढारी निवडणुकीनंतर गायब झाला, पोरं कशी उधळलीत, सगळं गाण्यात. नाव घेऊन किंवा नाव न घेता सगळ्यांना कळेल असं. त्या रात्री तो जे गाईल त्यासाठी त्याच्यावर कोणी हात टाकायचा नाही, कारण तो आयांच्या आडोशाला उभा राहून गातो. लोक खदखदून हसतात, ध्रुवपद उचलतात, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात तीच कडवी ऐकू येतात. मला योरुबा जेमतेम समजत होती. तरी ज्याच्यावर गाणं रचलं होतं तो माणूस कोण हे मला ओळखता आलं, कारण सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गेलेदे. आधी लहान पोरं नाचतात, अर्धा-मुर्धा पोशाख घालून. चुकतात, मोठे त्यांना बाजूला घेऊन पुन्हा पावलं दाखवतात, आणि हे सगळं लोकांसमोर, कोणी लाजत नाही. मग मोठे येतात, बहुतेक जोडीनं, एकसारखे मुखवटे आणि एकसारखे पोशाख. चार ढोलांत इयाइलू हा आईढोल बोलतो. इथे बोलतो हे अगदी खरं मानायचं. योरुबा भाषेत स्वर चढला-उतरला की अर्थ बदलतो, आणि ढोल ते चढउतार हुबेहूब काढतो. तो एक वाक्य टाकतो, ओळखीची म्हण किंवा टोमणा, आणि नाचणाऱ्यानं ते वाक्य पायांनी म्हणायचं असतं, अक्षराला अक्षर, वाळ्यांच्या आवाजात. ढोलाचं वाक्य जिथे संपतं तिथेच पाय थांबले पाहिजेत. अर्ध्या ठोक्यानं मागे राहिला तरी गर्दी ओरडते. बरोबर थांबला तर बाया पुढे येऊन त्याच्या कपाळाला नोटा चिकटवतात.

अशाच एका थांबण्याच्या क्षणी इयानं माझा हात घट्ट धरला. समोरच्या जोडीतल्या उजवीकडच्याच्या पाठीवर तो विरलेला निळा ओजा होता. आत एक धिप्पाड बाप्या, घामानं निथळत, आणि पाठीवर ज्यानं सहा मुलं झोपवली तो पट्टा. इया काही बोलली नाही, पुढे गेली, त्याच्यासमोर गुडघे टेकल्यासारखं करून एक नाणं त्याच्या हातात ठेवलं आणि ओजाची सुटत आलेली गाठ दोन हातांनी आवळून दिली. नंतर शेजारीण सांगत होती, तो इयाच्या धाकट्या भावाचा मुलगा. हे सगळ्यांना ठाऊक असतं. गेलेदेत आत कोण आहे हे गुपित नसतं. नाच संपला की तो मुखवटा काखेत मारून सर्वांदेखत पाणी पिताना दिसतो. योरुबांच्या दुसऱ्या मोठ्या सोंगाचा, एगुनगुनचा, नियम याच्या थेट उलट आहे.

एगुनगुन म्हणजे पितर. परलोकातून काही दिवसांसाठी घरी आलेले. तिथे शरीराचा कणही दिसता कामा नये, हातसुद्धा नाही, पायसुद्धा नाही. पुष्कळ पोशाखांत लाकडी चेहराच नसतो, नुसत्या कापडाच्या पट्ट्यांचे थर. मखमल, किनखाप, छापील सुती, कडांना लाल दातेरी पट्टी. कुटुंब दरवर्षी नवे थर चढवत जातं, म्हणून जुना पोशाख उचलायलाच दोन माणसं लागतात. तो गिरकी घेतो तेव्हा पट्ट्या आडव्या होतात, आणि त्या वाऱ्याची झुळूक अंगावर आली तर आशीर्वाद मिळाला असं समजतात. आवाजही माणसाचा नाही, घोगरा, घशातल्या घशात. आत अमुक माणूस आहे असं म्हणणं हा अपराध. योरुबांमध्ये आणखीही सोंगं आहेत. पूर्वेला एकिती भागात एपा: खाली हंडीएवढा दुतोंडी चेहरा, वर घोडेस्वार किंवा मुलाबाळांसह बसलेली आई, सगळं एका ओंडक्यातलं, वजन कधी पंचवीस किलोच्या घरात. ते डोक्यावर घेऊन तरुणानं मातीच्या उंचवट्यावर उडी मारायची. तोल गेला तर गावाला वर्ष वाईट. ओसी-इलोरिनचा आरेओगुन आणि ओडो-ओवाचा बामग्बोये यांनी कोरलेले एपा मी फक्त चित्रांत पाहिले आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी यापुढे लिहीत नाही.

पुन्हा गेलेदेच्या लाकडाकडे येते. मेकोत दुगा नावाचा कारागीर होता, १९५० च्या सुमारास विल्यम बॅस्कम या अमेरिकन अभ्यासकानं त्याचं काम टप्प्याटप्प्यानं नोंदवून ठेवलं. ओल्या लाकडाच्या ठोकळ्यावर आधी वाकसानं ढोबळ आकार, मग त्यातले छोटे आकार मोकळे करणं, मग सुरीनं गुळगुळीत, आणि शेवटी बारीक रेघा: केसांची वीण, पापण्या, गालांवरच्या कुळाच्या खुणा. चांगलं काम कशाला म्हणायचं यावर गावातली साधी माणसं फार नेमकं बोलतात, हे रॉबर्ट फॅरिस थॉम्पसननं १९६० च्या दशकात योरुबा गावांतून फिरून, लोकांना विचारून लिहून ठेवलं. चेहरा माणसासारखा हवा पण कोणा एकाचा नको. प्रत्येक अवयव स्वच्छ उठून दिसायला हवा. वय भर तारुण्याचं, आई कितीही म्हातारी असली तरी. आणि सगळ्यांत वर, चेहऱ्यावर थंडावा हवा, स्वभावाचा थंडावा. डोळे उघडे पण टक लावलेले नाहीत, ओठ मिटलेले पण दाबलेले नाहीत.

मग रंग. जुन्या काळी निळ्या रंगासाठी कारागीर बाजारातून कपड्यांना द्यायची नीळ आणत, तीच पुडीतली. आता ऑइलपेंट. दरवर्षी उत्सवाआधी मुखवटा नव्यानं रंगवतात, भडक, ओला वाटेल इतका चकचकीत. संग्राहकांना मात्र पापुद्रे उडालेला, किडका, 'जुना' मुखवटा हवा असतो आणि नवा रंग म्हणजे नासाडी वाटते. माझा कौल कारागिराकडे. आयांसमोर मळका मुखवटा घेऊन जाणं हा त्यांचा अपमान आहे, आणि मुखवटा आयांसाठी आहे.

आणि त्या थंड, शांत चेहऱ्याच्या डोक्यावर काय काय असावं! केतूच्या कोणत्याही बाजारात बाया डोक्यावरून सगळं वाहतात: शिवणयंत्र, कोंबड्यांची टोपली, भांड्यांची उतरंड. मुखवट्याची रचनाही तशीच आहे. खाली न हलणारा बाईचा चेहरा, वर अख्खं जग. साप आणि पक्षी झुंजताहेत, पगडीवाला मुल्ला माळ ओढतोय, हेल्मेट घातलेला गोरा अंमलदार, शिवणयंत्रावर शिंपी, मोटारसायकल, विमान. काहींना खिळ्या आणि दोऱ्या लावून हलणारे भागही केलेले असतात. ज्या वर्षी गावात जे नवं आलं ते कोणीतरी कोरतं आणि आयांना दाखवायला डोक्यावर घेऊन येतं. म्हणून परंपरा लोप पावतेय, मोटारसायकलनं गेलेदे बिघडलं, असं कोणी म्हणालं की मला त्या माणसाला एकदा तिथे न्यावंसं वाटतं.

परक्याला असं उचलून घ्यायची ही सवय जुनी आहे. १८२६ साली ह्यू क्लॅपर्टन हा स्कॉटिश प्रवासी ओयो या योरुबा राज्याच्या राजधानीत पोचला. राजानं त्याच्या मानार्थ एगुनगुन परंपरेतल्या फिरत्या नटांचा खेळ लावला. आधी पोती घातलेले नट नाचले, मग भलामोठा अजगर झाला, जबडा उघडून सरपटणारा. आणि शेवटी एका नटानं पोतं उतरवलं तर आत गोरा माणूस: पांढराफटक, हडकुळा, थंडीनं काकडणारा, तपकीर ओढणारा, हात चोळणारा, आणि अनवाणी चालायची सवय नसल्यासारखा जपून पावलं टाकणारा. प्रेक्षक पोट धरून हसले आणि क्लॅपर्टनकडे बघत राहिले. त्यानं हे सगळं मोकळेपणानं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं, ही त्याची भली गोष्ट. आलेला पाहुणा रोजनिशीत त्यांचं वर्णन करत होता तेव्हा त्यांनी त्याचं सोंग बांधून तयार ठेवलं होतं.

याच सोंगांपैकी काही गुलामांना नेणाऱ्या जहाजांच्या तळाशी साखळदंडांत समुद्र ओलांडून गेली. ब्राझीलमध्ये बाहिया राज्यातल्या इतापारिका बेटावर एगुनगुन आजही कापडाच्या पट्ट्या उडवत येतो, योरुबात बोलतो. याबद्दल वाचताना प्रत्येक वेळी मला वाटतं, ज्यांच्याकडून घर, नाव, मुलं सगळं काढून घेतलं त्यांनी पितरांना बोलवायचं कसं हे मात्र लक्षात ठेवलं.

उलट्या दिशेनंही काही येत होतं, आणि त्यात आपलं मुंबईसुद्धा आहे. मामी वाता ही पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची पाण्याची देवी. तिचं सर्वांत लोकप्रिय रूप, मोकळ्या केसांची, गळ्याभोवती आणि हातांत साप घेतलेली बाई, हे मुळात जर्मनीत छापलेलं एका गारुडीणीचं चित्र. १९५५ साली मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीनं ते घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांसाठी जसंच्या तसं पुन्हा छापून पाठवलं. तिथून ते किनारभर पसरलं, भिंतींवर रंगवलं गेलं, लाकडात कोरलं गेलं. त्यामागोमाग आपल्या देवांच्या तसबिरीही गेल्या.

टोगोत लोमेला एका बाईच्या देवघरात मी गेले होते. योरुबांची नव्हे, शेजारच्या एवे लोकांची ती पुजारीण. भिंतीवर दत्त. तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री, तीच चित्रशाळा पद्धतीची तसबीर जी माझ्या आजोळी ओटीवर होती. इथे त्याचं नाव देन्सू, तीन मुखांचा पाण्याचा देव, संपत्ती देणारा. मी नकळत हात जोडले. पुजारिणीनं विचारलं, तुमच्याकडेही देन्सू आहे का? आहे म्हटलं, दर गुरुवारी आरती असते. तिला फार आनंद झाला. बाटलीतलं गोड पेय ग्लासात ओतून तिनं आधी देवापुढे ठेवलं, मग मला दिलं, आणि तिच्या मनात बरीच वर्षं असलेला प्रश्न विचारला: ती चार कुत्री कशाला? मी चार वेदांचं सांगायला लागले. तिनं मला थांबवलं, आतून आपल्या मुलीला हाक मारली आणि म्हणाली, आता पहिल्यापासून सांग, हिलाही ऐकू दे.